अमेरिकेच्या सुरुवातीच्या युद्धांतले पोलिश शिपाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंड म्हटलं की कोल्हापूरकराला वळिवड्याची छावणी आठवते. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांतही बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिली. देश हातचा गेला म्हणून परमुलखात दिवस काढणं पोलिश लोकांना तेव्हाही नवं नव्हतं. त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून त्यांचे तरुण असेच निघत होते, आणि त्यांतले काही अमेरिकेच्या लढायांत जाऊन पोचले. त्यांच्याबद्दल मला वारंवार जे विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे.

कुठल्या युद्धांबद्दल बोलतोय आपण?

मुख्यतः दोन. पहिलं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, १७७५ ते १७८३. दुसरं तिथलं यादवी युद्ध, उत्तरेकडची राज्यं विरुद्ध गुलाम राखणारी दक्षिणेकडची राज्यं, १८६१ ते १८६५. मधे १८३६ मध्ये टेक्सासने मेक्सिकोविरुद्ध बंड केलं, त्यातही थोडे पोलिश होते. सॅन हासिंटोच्या निर्णायक लढाईत फेलिक्स वार्डझिन्स्की नावाचा एक जण लढला, आणि गोलियाडला कैद करून गोळ्या घातलेल्यांतही पोलिश होते.

काही जण सुरुवात जेम्सटाउन या इंग्रजांच्या जुन्या वसाहतीपासून करतात. तिथे १६०८ मध्येच पोलिश कारागीर आले होते हे खरं आहे. पण ती माणसं काच, डांबर आणि राळ करणारी होती, शिपाई नव्हती. १६१९ मध्ये मतदानाचा हक्क नाकारला म्हणून त्यांनी काम बंद ठेवलं आणि हक्क मिळवला. फार छान गोष्ट आहे, पण या पानाची नाही.

पोलंड सोडून हे लोक एवढ्या लांब लढायला का गेले?

कारण घरी लढायला जागा उरली नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलंड नकाशावर मोठा दिसत असला तरी आतून पोखरला होता. राजा निवडून यायचा, आणि कोण निवडून येणार हे रशिया ठरवायचा. १७६८ मध्ये याविरुद्ध सरदारांनी बार या गावी एकजूट केली आणि चार वर्षं झुंज दिली. ती मोडली आणि १७७२ मध्ये रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया या तिघांनी पोलंडचे लचके तोडले. १७९३ मध्ये दुसऱ्यांदा तोडले. १७९५ मध्ये उरलंसुरलं वाटून घेतलं आणि पोलंड हा देशच संपला, तो थेट १९१८ पर्यंत.

या काळात पोलंडमधल्या लहानसहान सरदारघराण्यांतल्या मुलांना तलवार चालवता यायची, लष्करी शिक्षण असायचं, पण चाकरी करावी असं स्वतःचं राज्य नव्हतं. प्रत्येक फसलेल्या उठावानंतर अशी एक तुकडी बाहेर पडायची. १७७२ नंतर एक, १८३१ नंतर दुसरी, १८४६-४८ च्या धामधुमीनंतर तिसरी. अमेरिकेच्या लढायांत पोलिश नावं नेमकी याच क्रमाने दिसतात. 'स्वातंत्र्यप्रेमापोटी धावून आले' असं पुतळ्याखाली कोरलेलं असतं. ते खोटं नाही. पण पराभव पदरी घेऊन आले, हेही तिथे लिहायला हवं होतं.

म्हणजे ते भाडोत्री होते?

नाही. ज्यांना पगारासाठी विकत घेतलं गेलं ते जर्मन हेसियन शिपाई ब्रिटिशांच्या बाजूने लढत होते. पण त्यांना 'स्थलांतरित' म्हणणंही पहिल्या पिढीच्या बाबतीत बरोबर नाही. त्यांतला अभियंता तादेउश कोश्चुश्को युद्ध संपल्यावर १७८४ मध्ये मायदेशी परतला. घोडदळाचा सेनापती पुलास्की परतायला जिवंतच राहिला नाही. खऱ्या अर्थाने स्थलांतरित म्हणावेत ते एकोणिसाव्या शतकातले. त्यांनी तिकडे घरं केली, धंदे केले, आणि मग युद्ध त्यांच्या दारात आलं.

स्वातंत्र्ययुद्धातल्या पोलिश लोकांची संख्या फार नव्हती. शंभराच्या आसपास असा अंदाज सांगतात. नावं मात्र ही दोनच लक्षात राहिली.

ती नावं म्हणायची कशी?

इथे देवनागरी इंग्रजीपेक्षा उजवी ठरते. Kościuszko हे रोमन अक्षरांतलं नाव बघून भले भले गडबडतात, पण 'कोश्चुश्को' लिहिलं की काम झालं. पुलास्कीचा खरा उच्चार 'पुवास्की'च्या जवळचा आहे, कारण त्यातल्या ल वर आडवी रेघ असते आणि ती त्याचा व करते. मात्र अमेरिकेत रस्ते, गावं, पूल सगळे पुलास्कीच म्हणतात, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे. यादवी युद्धातला कर्नल 'क्शिझानोव्स्की', यातला झ 'झाडा'तला, 'झेंड्या'तला नव्हे. त्याच्या नावामुळे झालेला घोटाळा पुढे येईलच.

पुलास्कीने नेमकं केलं काय?

काझिमिएश पुलास्की अमेरिकेत आला तेव्हा तिशी ओलांडलेला, घोड्यावर मुरलेला लढवय्या होता. बारच्या बंडात त्याने नाव कमावलं होतं. १७७०-७१ च्या हिवाळ्यात चेंस्तोहोवाचा यास्ना गुरा मठ त्याने रशियनांविरुद्ध लढवला. पोलंडमध्ये त्या मठाचं स्थान आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या देवस्थानासारखं आहे, तेव्हा ही कीर्ती केवढी ते समजावं. पण १७७१ मध्ये बंडखोरांनी खुद्द राजाला पळवून नेण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि त्या कटाचं खापर पुलास्कीवर फुटलं. गैरहजेरीत त्याला देहदंडाची शिक्षा झाली. मग तुर्कस्तान, मग फ्रान्स, तिथे कर्जापायी तुरुंग. असा सगळीकडून खचलेला माणूस पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिन याच्या ओळखीत आला आणि शिफारसपत्र घेऊन जुलै १७७७ मध्ये बोस्टनजवळ मार्बलहेडला उतरला.

११ सप्टेंबरला ब्रँडीवाइनची लढाई झाली. अमेरिकन सैन्य मागे हटत होतं. पुलास्कीकडे अजून हुद्दाही नव्हता. त्याने अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टनच्या रक्षकदलातले काही स्वार घेतले, शत्रूवर हल्ला चढवला आणि माघार घेणाऱ्यांना सवड मिळवून दिली. चारच दिवसांत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेने, त्याला घोडदळाचा ब्रिगेडिअर जनरल केलं.

यापुढची कथा तितकी झळाळती नाही, आणि मला वाटतं तीच जास्त खरी आहे. अमेरिकन सैन्यात घोडदळ म्हणजे निरोप्ये आणि टेहळे. पुलास्कीला हवं होतं तुटून पडणारं, स्वतःच्या बळावर लढाई फिरवणारं दळ. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं, स्वभाव तापट होता, आणि हाताखालच्या अधिकाऱ्यांना या परक्याचे हुकूम मानवत नव्हते. स्टीफन मॉयलन या कर्नलवर त्याने कोर्ट मार्शल चालवलं आणि मॉयलन निर्दोष सुटला. मार्च १७७८ मध्ये पुलास्कीने पद सोडलं. काँग्रेसने त्याला स्वतंत्र पथक उभारायची परवानगी दिली : ६८ स्वार आणि २०० पायदळ. बाल्टिमोरला भरती झाली. त्यात जर्मन, फ्रेंच, आयरिश, पोलिश अशी सगळी खिचडी होती, आणि कवायत शिकवायला मिहाय कोवाच हा हंगेरियन. पथकाचं तांबडं निशाण बेथलहेम गावच्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या बायकांनी भरतकाम करून दिलं. ते आजही बाल्टिमोरमध्ये जपलेलं आहे.

ऑक्टोबर १७७८ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर लिटल एग हार्बरला या पथकातला एकजण फितूर झाला. त्याने दिलेल्या खबरीवरून ब्रिटिशांनी रात्री छापा घातला आणि झोपेतल्या पायदळातली पन्नासेक माणसं संगिनींनी भोसकली. मे १७७९ मध्ये चार्ल्सटनच्या बचावात कोवाच पडला. आणि ९ ऑक्टोबर १७७९ ला सव्हाना शहराच्या वेढ्यात, फ्रेंच आणि अमेरिकन सैन्याने मिळून केलेल्या हल्ल्यात, तोफेतून सुटलेल्या छऱ्यांनी पुलास्की जखमी झाला. दोन दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, तो गेला. अमेरिकेत तो जेमतेम सव्वादोन वर्षं होता.

'अमेरिकन घोडदळाचा जनक' हे बिरुद त्याला लावतात. माझं मत विचाराल तर जनक म्हणण्याइतकं मूल त्याच्या हयातीत वाढलं नाही. पण घोडदळ हे वेगळं अंग असावं लागतं, त्याला त्याची कवायत आणि त्याचे सेनापती लागतात, हे त्याने त्या सैन्याच्या डोक्यात घातलं.

त्याने वॉशिंग्टनचा जीव वाचवला, हे खरं का?

ब्रँडीवाइनच्या त्या हल्ल्याबद्दल तसं श्रेय त्याला परंपरेने दिलं जातं. वॉशिंग्टनवर कुणी तलवार उगारली आणि पुलास्की मधे पडला, असलं चित्र डोळ्यांपुढे आणू नये. मागे हटणारं सैन्य कापलं गेलं नाही, आणि त्या सैन्यात वॉशिंग्टनही होता. इतपत.

पुलास्की बाई होता असं ऐकलं. हे काय प्रकरण?

हे खोडसाळपणे पसरवलेलं नाही, त्यामागे अभ्यास आहे. सव्हानाच्या माँटेरे स्क्वेअरमध्ये पुलास्कीचं स्मारक आहे. दुरुस्तीसाठी १९९६ मध्ये ते उतरवलं तेव्हा पायात धातूची पेटी निघाली, आत हाडं. अभ्यासकांना ओटीपोटाची हाडं बाईसारखी वाटली. सगळ्यांनी आधी हाच निष्कर्ष काढला की अवशेष दुसऱ्या कुणाचे असावेत. पण उंची, वय, रोजच्या घोडेस्वारीच्या खुणा आणि हाताची जुनी जखम पुलास्कीशी जुळत होती. पुढे त्याच्या नात्यातल्या एका स्त्रीच्या अवशेषांशी डीएनए ताडून पाहिला आणि २०१९ मध्ये जुळणी जाहीर झाली.

संशोधकांचा अर्थ असा की पुलास्की जन्मतः आंतरलिंगी असावा. बाप्तिस्मा मुलगा म्हणून झाला, वाढला मुलगा म्हणून, जगला पुरुष म्हणून. त्याला स्वतःला याची कितपत कल्पना होती हे हाडं सांगत नाहीत. 'बाई होती' असं ठासून लिहिणाऱ्या बातम्या मात्र दुर्लक्षाव्यात.

आणि कोश्चुश्को? तो तर अभियंता होता ना?

हो, आणि म्हणूनच या दोघांत मला तो मोठा वाटतो. घोड्यावरून दौडत मरणाऱ्याचे पुतळे लवकर होतात. खंदक कुठे खणावा हे सांगणाऱ्याचं काम मातीत मिसळून जातं.

तादेउश कोश्चुश्को १७४६ चा. त्याचं जन्मगाव आज बेलारूसमध्ये आहे. वॉर्साच्या लष्करी शाळेत आणि मग पॅरिसमध्ये शिकला. घरी परतला तर नोकरी नाही, इस्टेट भावाने कर्जात घातलेली. त्यात लुदविका सोस्नोव्स्का या बड्या सरदाराच्या मुलीवर प्रेम जडलं. दोघांनी पळून जायचा घाट घातला, तो बापाने हाणून पाडला. १७७५ मध्ये त्याने देश सोडला आणि ऑगस्ट १७७६ मध्ये फिलाडेल्फियाला पोचला. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने त्याला अभियंत्यांचा कर्नल नेमलं. पहिलं काम डेलावेअर नदीवरची मोर्चेबंदी.

१७७७ च्या वसंतात त्याला उत्तरेला टिकाँडेरोगाच्या किल्ल्यावर धाडलं. शिवकाळ वाचलेल्या माणसाला पुढचा प्रसंग लगेच कळेल. किल्ल्यासमोर एक उंच टेकडी होती. कोश्चुश्को म्हणाला, तिच्यावर तोफा चढवा, नाहीतर शत्रू चढवेल. वरिष्ठांचं म्हणणं पडलं की एवढ्या कड्यावर तोफ चढणारच नाही. जुलैच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी तोफा चढवल्या. एकही मोठी लढाई न होता किल्ला रिकामा करावा लागला.

मग माघारीत त्याला जे करता आलं ते त्याने केलं. रस्त्यावर आडवी झाडं पाडली, पूल तोडले, ओढे अडवून वाटा चिखलात घातल्या. जनरल बर्गॉइनच्या ब्रिटिश फौजेला वीसेक मैल कापायला तीन आठवडे लागले. दरम्यान अमेरिकनांना माणसं जमवायला वेळ मिळाला. सारातोगाजवळ हडसन नदीकाठी बेमिस हाइट्स ही जागा कोश्चुश्कोने निवडली : एका बाजूला नदी, दुसरीकडे जंगलाने भरलेली चढण, मधून जाणारा अरुंद रस्ता तोफांच्या माऱ्यात. बर्गॉइनने १९ सप्टेंबरला आणि ७ ऑक्टोबरला दोनदा प्रयत्न केला. १७ ऑक्टोबर १७७७ ला त्याने सगळ्या सैन्यानिशी शस्त्रं खाली ठेवली. हा विजय पाहून फ्रान्सने अमेरिकेशी उघड तह केला, आणि फ्रान्स आला नसता तर हे युद्ध वेगळ्याच वळणाने गेलं असतं. या यशाचं श्रेय तिथल्या डोंगरांना आणि रानाला, आणि ती जागा हेरणाऱ्या तरुण पोलिश अभियंत्याला, असं तिथला अमेरिकन सेनापती गेट्स यानेच पुढे मान्य केलं.

वेस्ट पॉइंटची ती प्रसिद्ध साखळी त्यानेच केली का?

नाही. वेस्ट पॉइंट हे हडसन नदीवरचं नाकं. तिथे नदीत जहाजं अडवायला टाकलेली लोखंडी साखळी त्याच्या नावावर पुष्कळदा खपवली जाते, पण ते काम दुसऱ्याचं. कोश्चुश्कोने १७७८ ते १७८० या काळात साखळीच्या आजूबाजूचे किल्ले, बुरूज, तोफांचे मोर्चे बांधले. एक डोंगर पडला तर दुसऱ्यावरून तो परत घेता यावा, अशी एकमेकांना सांभाळून घेणारी रचना होती. ती इतकी भक्कम झाली की ब्रिटिशांना ती लढून घ्यायची हिंमत झाली नाही. ती विकत घ्यायचा प्रयत्न झाला. बेनेडिक्ट आर्नल्ड या अमेरिकन सेनापतीने १७८० मध्ये जो किल्ला फितुरीने देऊ केला, तो हाच.

तिथल्या कातळात कोश्चुश्कोने फावल्या वेळात स्वतःच्या हाताने एक छोटी बाग केली होती. ती अजून आहे. १८२८ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेतल्या कॅडेटांनी त्याच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला.

या सगळ्याचा आपल्याकडच्या इतिहासाशी काही धागा?

ओढूनताणून नाही, पण एक सरळ धागा आहे. त्याचं नाव कॉर्नवॉलिस.

१७८०-८१ मध्ये कोश्चुश्को दक्षिणेत अमेरिकन जनरल ग्रीनच्या हाताखाली होता. ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पाठलागावर, ग्रीनची फौज अपुरी, आणि वाटेत एकामागून एक नद्या. कोश्चुश्कोने नद्यांची पाहणी केली, सपाट तळाच्या नावा बांधून घेतल्या. फेब्रुवारी १७८१ मध्ये ग्रीनचं सैन्य डॅन नदी ओलांडून गेलं. कॉर्नवॉलिस तीरावर पोचला तेव्हा नावा पलीकडे होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण गेला.

हाच गृहस्थ १७८६ मध्ये भारताचा गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९०-९२ मध्ये टिपूविरुद्धच्या युद्धात पेशव्यांची फौज त्याच्या जोडीला होती, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याबरोबर श्रीरंगपट्टणला होते. १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला. कबर तिथेच आहे.

काळही एकच आहे. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२. वडगावला इंग्रज शरण आले ते जानेवारी १७७९, आणि पुलास्की सव्हानाला पडला तो त्याच वर्षीचा ऑक्टोबर. १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणविसांकडे खलबतं करत होता, तेव्हा पॅरिसमध्ये फ्रँकलिन फ्रेंचांकडे मदत मागत होता. इंग्रजांच्या दृष्टीने ही सगळी एकाच भांडणाची दोन टोकं होती.

कोश्चुश्कोच्या मृत्युपत्राची गोष्ट काय आहे?

ही गोष्ट अमेरिकेतल्या पुतळ्यांखाली क्वचितच सापडते.

युद्धात त्याच्याबरोबर चार वर्षांहून अधिक काळ अग्रिपा हल नावाचा शिपाई होता. मॅसॅच्युसेट्सचा, कृष्णवर्णीय, स्वतंत्र माणूस. दोघांची मैत्री टिकली. दक्षिणेत कोश्चुश्कोने मळ्यांवरची गुलामगिरी डोळ्यांनी पाहिली. पोलंडमध्ये परतल्यावर १७९४ चा उठाव त्याच्या नेतृत्वाखाली झाला. रात्सवावित्सेच्या लढाईत शेतकरी गवत कापायची लांब पाती दांड्याला सरळ बसवून रशियन तोफांवर धावून गेले. मे महिन्यात त्याने फर्मान काढून कुळांची वेठबिगारी कमी केली. ऑक्टोबरमध्ये तो जखमी होऊन पकडला गेला, दोन वर्षं रशियनांच्या कैदेत राहिला.

सुटल्यावर १७९७ मध्ये तो पुन्हा फिलाडेल्फियाला आला. काँग्रेसने थकलेला पगार व्याजासकट दिला, ओहायोत ५०० एकर जमीन दिली. मे १७९८ मध्ये, गुपचूप युरोपला परतण्याआधी, त्याने मृत्युपत्र केलं. अमेरिकेतली माझी सगळी मालमत्ता विकून गुलाम विकत घ्यावेत, त्यांना मुक्त करावं, त्यांना शिक्षण द्यावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करायची होती त्याचा मित्र, तेव्हाचा अमेरिकेचा उपाध्यक्ष थॉमस जेफरसन याने. हवं तर जेफरसनने स्वतःचेच गुलाम सोडवावेत, असंही त्यात होतं.

कोश्चुश्को १५ ऑक्टोबर १८१७ ला स्वित्झर्लंडमध्ये वारला. जेफरसनने वय पुढे करून जबाबदारी नाकारली. नंतरच्या मृत्युपत्रांमुळे आणि युरोपातल्या नातेवाइकांच्या दाव्यांमुळे खटला लांबत गेला. जेफरसन १८२६ मध्ये कर्जबाजारी मेला आणि पुढच्या जानेवारीत त्याच्या माँटिसेलोच्या मळ्यावरच्या गुलामांचा लिलाव झाला. अखेर १८५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सगळी रक्कम कोश्चुश्कोच्या नातेवाइकांना दिली. त्या पैशातून एकही माणूस मुक्त झाला नाही.

१८३१ नंतर जे आले त्यांचं काय झालं?

१८३०-३१ चा उठाव रशियाने चिरडल्यावर बरेच सैनिक ऑस्ट्रियाच्या हद्दीत शिरले. ऑस्ट्रियाने त्यातल्या २३४ जणांना जहाजांत घालून अमेरिकेला रवाना केलं. मार्च १८३४ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. अंगावर लष्करी कपडे, खिशात काही नाही, इंग्रजी येत नाही.

काँग्रेसने त्याच वर्षी इलिनॉय किंवा मिशिगनच्या मुलखात ३६ चौरस मैल जमीन द्यायचा कायदा केला. ऐकायला मोठं वाटतं. पण त्या जमिनीवर सलग दहा वर्षं राहायचं आणि वर किंमतही भरायची. इलिनॉयमध्ये निवडलेल्या जागी आधीच इतर लोक नांगर धरून बसले होते. पोलिश वसाहत झालीच नाही. कुणी भाषा शिकवू लागला, कुणी मोजणीदार झाला, कुणी पुन्हा बंदूक घेतली.

यादवी युद्धात पोलिश कुठल्या बाजूने होते?

दोन्ही. जास्त करून उत्तरेकडे, कारण राहायचे तिथेच.

उत्तरेतला सर्वांत नावाजलेला व्लोजिमिएश क्शिझानोव्स्की. जन्म १८२४, प्रशियाच्या ताब्यातल्या पोझ्नान भागातला. १८४६ च्या कटात नाव आलं म्हणून पळाला, अमेरिकेत अभियंता झाला. संगीतकार शोपँची आई क्शिझानोव्स्का घराण्यातली, त्यामुळे नात्याचाही उल्लेख होतो. त्याने उभी केलेली ५८ वी न्यूयॉर्क पलटण 'पोलिश लीजन' म्हणून ओळखली गेली, जरी तीत जर्मन, डॅनिश, इटालियन, फ्रेंच, रशियन सगळे होते. गेटिसबर्गच्या १८६३ मधल्या मोठ्या लढाईत पहिल्या दिवशी त्याच्या ब्रिगेडची शहराच्या उत्तरेच्या शेतांत दाणादाण उडाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेकडीवरच्या तोफा शत्रूच्या हाती जाऊ लागल्या तेव्हा त्याने दोन पलटणी घेऊन त्या वाचवल्या.

योझेफ कार्गे न्यू जर्सीच्या घोडदळात होता आणि नंतर प्रिन्स्टनला प्राध्यापक झाला. आल्बिन शेप्फ याच्याकडे फोर्ट डेलावेअरच्या युद्धकैद्यांचा ताबा होता.

दक्षिणेकडे कास्पर तोखमान, १८३० च्या उठावातला माणूस, याने लुइझियानात 'पोलिश ब्रिगेड' उभारायला घेतली. नाव पोलिश, भरतीत आयरिशांपासून सगळे. त्यातल्या एका रेजिमेंटचा कर्नल व्हालेरी सुलाकोव्स्की कडक शिस्तीचा म्हणून बदनाम होता, पण पुढे गॅल्व्हस्टन बंदराची तटबंदी त्याने उत्तम केली. रशियाच्या जुलमाविरुद्ध लढलेला माणूस गुलाम राखणाऱ्या राज्यांसाठी का लढला? तोखमानसारख्यांना दक्षिण म्हणजे दूरच्या सरकारविरुद्ध उठलेला छोटा मुलूख वाटत होता. पोलंडचा चष्मा त्यांनी जसाच्या तसा अमेरिकेवर लावला. त्या मुलखात शेतात कोण राबतंय हे त्या चष्म्यातून दिसत नव्हतं. कोश्चुश्कोला दिसलं होतं.

आणि साधी माणसं? टेक्सासमधल्या पन्ना मारिया या गावाची १८५४ मध्ये सिलेशियाहून आलेल्या पोलिश शेतकऱ्यांनी वस्ती केली. तिथल्या पोरांना दक्षिणेच्या सैन्यात जावं लागलं. पिओतर क्योबासा हा त्यांपैकी एक. जानेवारी १८६३ मध्ये आर्कान्सॉ पोस्टला पकडला गेला आणि उत्तरेच्या घोडदळात भरती झाला. पुढे तो शिकागो शहराचा खजिनदार झाला.

क्शिझानोव्स्कीला नावामुळे बढती मिळाली नाही, ही थट्टा की खरं?

थट्टेत सांगितलेलं खरं, असं म्हणू. १८६२ च्या अखेरीस त्याचं नाव ब्रिगेडिअर जनरलसाठी गेलं आणि सिनेटने ते मंजूर केलं नाही. त्याचा सहकारी कार्ल शुर्त्स याने लिहून ठेवलं की सिनेटमध्ये ते नाव उच्चारता येणारा कुणीच नव्हता. परदेशी अधिकाऱ्यांबद्दलची अढी हे जास्त पटण्याजोगं कारण. मानाचा हुद्दा मिळाला तो १८६५ मध्ये. तो १८८७ मध्ये वारला. पन्नास वर्षांनी, पुलास्कीच्या पुण्यतिथीला, ११ ऑक्टोबर १९३७ रोजी त्याचे अवशेष आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत हलवले गेले.

अमेरिकनांनी याची कधी परतफेड केली का?

केली. १९१९ ते १९२१ च्या पोलंड-रशिया युद्धात अमेरिकन वैमानिकांनी पोलंडसाठी 'कोश्चुश्को स्क्वाड्रन' उभारली. तिच्यामागचा माणूस मेरियन कूपर, पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेला. त्याच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची : त्याचा पूर्वज पुलास्कीबरोबर सव्हानाला होता.

अमेरिकेत गेलो तर काय बघावं?

पुलास्कीसाठी सव्हाना. शहरातलं स्मारक आणि बाहेरचा फोर्ट पुलास्की, ज्याच्या जाड विटांच्या भिंती १८६२ मध्ये नव्या पेचदार नळीच्या तोफांनी फोडल्या. त्या दिवसापासून विटांचे किल्ले निकामी ठरले. वॉशिंग्टनमध्ये दोघांचेही पुतळे आहेत, एकाच दिवशी, ११ मे १९१० ला उघडलेले. दक्षिण कॅरोलिनात नाइन्टी सिक्स नावाच्या ठिकाणी कोश्चुश्कोने १७८१ च्या वेढ्यात खणायला घेतलेला सुरुंगाचा बोगदा अजून शाबूत आहे. वेढा अपयशी ठरला, बोगदा राहिला.

पण एकच ठिकाण जमणार असेल तर फिलाडेल्फियात थर्ड आणि पाइन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जा. १७९७-९८ च्या हिवाळ्यात कोश्चुश्को तिथे भाड्याने राहत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यातलं हे सगळ्यात छोटं स्मारक, सव्वा गुंठ्यापेक्षाही लहान. जखमांमुळे त्याला धड चालता येत नव्हतं, म्हणून लोकच त्याला भेटायला वर चढून यायचे. जेफरसनही तिथेच यायचा.